समुद्रतळाची रासायनिक देवघेव मोजताना: स्वयंचलित उपकरण घेऊन पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

समुद्रतळावरचा गाळ निपचित पडलेला दिसतो, पण त्याचा व्यवहार अखंड चालू असतो. वरून मेलेल्या प्लवकांचे तुकडे, प्राण्यांची विष्ठा असा चुरा झिरपत राहतो. गाळातले जिवाणू आणि किडे तो खातात. त्यासाठी ते वरच्या पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात आणि अमोनियम, फॉस्फेट, विरघळलेला कार्बन पाण्याला परत करतात. तळाच्या एका चौरस मीटरमधून एका दिवसात एखादा पदार्थ किती आत गेला किंवा बाहेर आला, त्या आकड्याला फ्लक्स म्हणतात. समुद्रात पडलेल्या कार्बनपैकी किती पुरला गेला आणि किती पुन्हा पाण्यात आला, हा हिशेब शेवटी याच आकड्यावर येऊन टेकतो.

गाळाचा नमुना नळीत भरून वर आणावा आणि जहाजावर निवांत मोजावा, हा सोपा मार्ग वाटतो. उथळ पाण्यात तो बऱ्यापैकी चालतोही. खोल समुद्रात मात्र तो फसवतो. ४,००० मीटरवर दाब सुमारे ४०० वातावरणांइतका असतो आणि तापमान एक-दोन अंश सेल्सिअस. तिथला गाळ वर येईपर्यंत तापतो, त्याच्यावरचा दाब उतरतो, काही पेशी फुटतात आणि त्यांतलं द्रव्य उरलेल्या जिवाणूंना आयतं खाद्य होतं. मग डेकवर मोजलेला ऑक्सिजनचा खप तळावरच्या खऱ्या खपापेक्षा जास्त भरतो. म्हणून गाळ वर आणण्याऐवजी प्रयोगशाळाच खाली पाठवायची.

एक गोष्ट मात्र आधीच मनाशी पक्की करा. उपकरण तळाला टेकलं, की तळ पहिल्यासारखा राहत नाही. उतरताना पुढे ढकललेलं पाणी गाळ उडवतं, पाय रुततात, चेंबर (पाणी अडकवणारा डबा) गाळात बसला की आतला प्रवाह थांबतो. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर तुम्हाला एकच प्रश्न विचारायचा आहे: मी जे मोजतोय ते तळाचं आहे, की माझ्या येण्याचं?

आधी तळ ओळखा, मग उपकरण निवडा

नवखे लोक हातात आलेल्या उपकरणापासून सुरुवात करतात. सुरुवात तळापासून करा. जागेचा गाळ चिखलासारखा बारीक आहे की वाळूचा, हे आधी एखाद्या नमुन्यावरून आणि कॅमेऱ्याने पाहून घ्या. चिखलात पदार्थ मुख्यतः विसरणाने सरकतात, म्हणजे जास्त तीव्रतेकडून कमी तीव्रतेकडे रेणूरेणूने. वाळूत तसं नसतं. तळावरून वाहणारं पाणी वाळूच्या लहान लाटांवर आपटतं, त्यातून दाबात फरक पडतो आणि पाणी सरळ कणांमधून आत-बाहेर वाहू लागतं. चिखलासाठी बनवलेली पद्धत वाळूवर लावली, की आकडा येतो, पण त्याला अर्थ नसतो.

दुसरी गोष्ट, गाळात ऑक्सिजन किती खोल पोचतो. किनाऱ्याजवळच्या सुपीक चिखलात तो काही मिलिमीटरमध्येच संपतो, खोल समुद्रात काही सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त टिकतो. दक्षिण पॅसिफिकच्या मध्यावर, जिथे वरून जवळजवळ काहीच खाद्य पडत नाही, तिथे २०१० च्या वेधन मोहिमेत गाळाच्या संपूर्ण जाडीत, थेट खालच्या बेसॉल्ट खडकापर्यंत ऑक्सिजन सापडला. ऑक्सिजन संपला की जिवाणू क्रमाने नायट्रेट, मँगनीज, लोह आणि शेवटी सल्फेट वापरतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट लिटरमागे सुमारे २८ मिलिमोल असल्याने किनारी गाळात बराच मोठा व्यवहार सल्फेटवरच चालतो. त्यातून निघणारा सल्फाइड वर येऊन पुन्हा ऑक्सिजन खातो. म्हणूनच एकच गोष्ट मोजायची असेल तर ऑक्सिजन मोजा. सगळ्या उलाढालीचा बहुतेक हिशेब उशिरा का होईना त्याच्या खात्यात उतरतो.

तीन पद्धती

पहिली आणि सर्वांत जुनी पद्धत चेंबरची. तळ नसलेला डबा गाळात रुतवायचा, झाकण लावायचं आणि आत अडकलेल्या पाण्यात काय कमी होतं, काय वाढतं ते पाहत राहायचं. तत्त्व इतकं सोपं आहे की ते एका ओळीत मावतं: तीव्रतेतला दर तासाचा बदल गुणिले चेंबरमधल्या पाण्याची उंची. समजा चेंबरचा पाया ३० बाय ३० सेंटिमीटरचा आहे आणि आत २० लिटर पाणी आहे. म्हणजे पाण्याची उंची सुमारे २२ सेंटिमीटर. ऑक्सिजन तासाला लिटरमागे १ मायक्रोमोलने घटत असेल, तर खप होतो चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे ५.३ मिलिमोल.

ते २० लिटर मात्र गृहीत धरता येत नाहीत. चेंबर किती रुतेल हे गाळ ठरवतो, तुम्ही नाही. ही उंची १० टक्क्यांनी चुकली तर फ्लक्सही तेवढाच चुकतो. उपाय जुना आणि भरवशाचा आहे. झाकण लागल्यावर ठरावीक ब्रोमाइड चेंबरमध्ये सोडायचं, पाणी ढवळू द्यायचं आणि सिरिंजने नमुना घ्यायचा. १० मिलिमोल सोडल्यावर तीव्रता लिटरमागे अर्ध्या मिलिमोलने वाढली, तर पाणी २० लिटर आहे. समुद्राच्या पाण्यात मुळातच लिटरमागे सुमारे ०.८४ मिलिमोल ब्रोमाइड असतं, म्हणून सोडण्याआधीचा एक नमुना विसरू नका. या ब्रोमाइडचा दुसरा उपयोग मला पहिल्याहून मोलाचा वाटतो. पुढच्या तासांत त्याची तीव्रता विसरणाच्या मानाने भराभर उतरली, तर एकतर किडे बिळांतून पाणी खाली ओढत आहेत किंवा चेंबर गळतोय. कोणतं खरं, हे वर आल्यावर कडेच्या खुणांवरून आणि गाळातल्या जिवांवरून ताडता येतं.

ढवळणाऱ्या पात्याचा वेगही नीट ठरवा. गाळाच्या अगदी वर पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो, एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी जाडीचा. प्रत्येक रेणूला तो विसरणानेच ओलांडावा लागतो. बाहेर हा थर जेवढा जाड आहे साधारण तेवढाच आत राहावा, एवढंच ढवळायचं. वाळूवर जोरात ढवळलं तर पाणी वाळूत घुसतं आणि तुम्ही पात्याचा परिणाम मोजत बसता.

चेंबर बंद किती वेळ ठेवायचा? आतला ऑक्सिजन सुरुवातीच्या मानाने १५-२० टक्क्यांनी उतरला की थांबावं. त्यापुढे जिवांचं वागणं आणि रासायनिक उतार दोन्ही बदलतात. सुपीक किनाऱ्यावर एवढी घट काही तासांत होते. खोल समुद्रात खप दिवसाला १ मिलिमोलच्या आसपास असू शकतो. तेव्हा १० सेंटिमीटर उंचीच्या चेंबरमध्येही दिवसभरात लिटरमागे फक्त १० मायक्रोमोलचा फरक पडतो. एवढा बारीक बदल सेन्सरचं वाचन आपोआप सरकतं त्यातून वेगळा काढायचा, तर दोन दिवसांची सवड द्यावी लागते.

दुसरी पद्धत सूक्ष्म सेन्सरची. केसासारखं टोक असलेला इलेक्ट्रोड किंवा प्रकाशतंतू मोटरने पाण्यातून गाळात इंचाइंचाने नव्हे, तर मायक्रोमीटरने उतरवायचा. किनाऱ्यावर पाऊल ५० ते १०० मायक्रोमीटरचं, खोल समुद्रात त्याहून मोठं चालतं. मिळतो तो ऑक्सिजनचा उभा आलेख. त्या स्थिर थरातल्या उताराला विसरणांकाने गुणलं की फ्लक्स हाती येतो. अर्ध्या मिलिमीटरमध्ये ऑक्सिजन २०० वरून १५० मायक्रोमोलवर आला आणि विसरणांक सेकंदाला १.५ गुणिले १० चा उणे नववा घात चौरस मीटर धरला, तर उत्तर येतं दिवसाला साधारण १३ मिलिमोल. गाळाच्या आतला उतार वापरणार असाल, तर सच्छिद्रता आणि कणांभोवतीचा वळणावळणाचा रस्ता दोन्हींची दुरुस्ती करावी लागते.

हा आकडा फक्त विसरणाचा असतो. बिळांतून चाललेली ये-जा सुईच्या टोकाला दिसत नाही. म्हणून शक्य असेल तर चेंबर आणि सूक्ष्म सेन्सर एकाच चौकटीवर न्यावेत. दोन आकड्यांमधला फरक बराचसा प्राण्यांच्या कामाचा, आणि मला तरी तो फरकच सर्वांत बोलका वाटतो. एकाच सुईवर कधी विसंबू नका. दहा सेंटिमीटर बाजूला चित्र पूर्ण वेगळं असू शकतं, आणि सुया मोडतातही.

तिसरी पद्धत तळाला हातही लावत नाही. तळापासून १०-३० सेंटिमीटर वर पाण्याचा उभा वेग आणि ऑक्सिजन सेकंदाला अनेक वेळा एकत्र मोजायचे. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या भोवऱ्यांतल्या ऑक्सिजनचा फरक म्हणजे फ्लक्स. हवेसाठी वापरली जाणारी ही पद्धत २००३ मध्ये पाण्याखालच्या ऑक्सिजनसाठी पहिल्यांदा मांडली गेली. वाळू, समुद्री गवत, शिंपल्यांचे थर अशा जागी हिला तोड नाही, कारण ती एकदम कित्येक चौरस मीटरचं सरासरी उत्तर देते. पण तिला अर्ध्या सेकंदाच्या आत प्रतिसाद देणारा सेन्सर, पुरेसा प्रवाह आणि आकडेमोडीचा चांगला सराव लागतो. पहिल्या मोहिमेला एकटी हीच पद्धत नेऊ नका.

कशावर बसवून पाठवायचं

नवख्यांसाठी लँडर. तीन पायांची चौकट, खाली लोखंडी वजन, वर काचेचे तरंगगोळे. जहाजावरून सोडला की स्वतः बुडतो, काम करतो, संकेत मिळाला की वजन टाकून वर येतो. मध्ये दोरी नाही, तार नाही. याच साध्या रचनेच्या लँडरने २०१० मध्ये मारियाना गर्तेतल्या चॅलेंजर डीपमध्ये, सुमारे ११ किलोमीटर खाली, ऑक्सिजनचे आलेख टिपले. तिथला खप शेजारच्या ६,००० मीटर खोल मैदानापेक्षा जास्त निघाला. गर्तेच्या उतारांवरून खाद्य घरंगळत तळाशी साचतं, हे त्यातून कळलं.

लँडर एका जागी एक उत्तर देतो. महिनोन्‌महिने नोंद हवी असेल तर चालणारी यंत्रं आहेत. कॅलिफोर्नियाजवळच्या स्टेशन एम या ४,००० मीटर खोल जागी माँटेरे बे अक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटचा बेंथिक रोव्हर २ पट्ट्यांवर चालतो. तो दोन चेंबर गाळात रुतवून ४८ तास ऑक्सिजन मोजतो आणि मग १० मीटर पुढे सरकतो. सरकण्याआधी तो प्रवाहाची दिशा पाहतो, म्हणजे त्याने उडवलेला गाळ मागे वाहून जाईल आणि पुढची जागा स्वच्छ राहील. उपकरणाच्या येण्याचा प्रश्न इतक्या विचाराने सोडवलेला क्वचित दिसतो. लँडर सोडतानाही हीच शिस्त पाळा. प्रवाहमापक लावा आणि सुया व चेंबर चौकटीच्या पायांपासून शक्य तितके लांब बसवा.

वजन, तरंग आणि परतीची हमी

हे गणित कागदावर करा, मग पुन्हा करा, आणि दुसऱ्या कुणाला तरी तपासायला द्या. ४३ सेंटिमीटर व्यासाचा एक काचगोळा साधारण २५ किलो उचल देतो. उपकरणांसह चौकट पाण्यात १५० किलो भरत असेल, तर आठ गोळे २०० किलो उचलतात आणि वर येताना ५० किलो शिल्लक राहतात. एक गोळा निकामी झाला तरी २५ उरतात. त्याखाली कधी जाऊ नका, कारण रुतलेले पाय आणि चेंबर सोडवायलाही जोर लागतो. चेंबरची झाकणं वजन टाकण्याआधी उघडतील असा क्रम ठेवा, नाहीतर गाळ चेंबरला ओढून धरतो. १०० किलो लोखंड समुद्राच्या पाण्यात सुमारे ८७ किलोच भरतं, तेव्हा उतरताना निव्वळ ३७ किलो भार मिळतो. मिनिटाला ५० मीटर वेग धरला तर ४,००० मीटर गाठायला ८० मिनिटं. यापेक्षा घाई केली तर धडक जोरात बसते आणि गाळ जास्त उडतो.

वजन सोडणारे ध्वनी-रिलीझ दोन लावा. दोन्ही स्वतंत्र बॅटरीवर हवेत आणि दोन्हींपैकी कोणताही एक चालला तरी वजन सुटलं पाहिजे. त्यांच्या जोडीला ठरावीक दिवसांनी आपोआप सुटणारी तिसरी सोय असली तर रात्री झोप लागते. वरच्या टोकाला उपग्रह बीकन, रेडिओ, झगमगता दिवा आणि भडक रंगाचा झेंडा, हे चारही हवेत. पाणी आत शिरू न देणारी प्रत्येक ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, काढून, पुसून, एकही केस वा वाळूचा कण नाही हे उजेडात पाहून, पातळ ग्रीस लावून बसवा. हे काम थकलेल्या माणसाने करू नये.

कॅलिब्रेशन

ऑप्टोड हा आजचा रोजचा सेन्सर आहे. ऑक्सिजन जितका जास्त, तितकी त्याच्या पापुद्र्याची चमक लवकर विझते. त्याला दोन टोकं दाखवा: हवेने पूर्ण संपृक्त पाणी आणि सोडियम सल्फाइट घालून ऑक्सिजन काढलेलं पाणी. दोन्ही तळाच्या तापमानाजवळ असावीत. दाबाने त्याचा प्रतिसाद १,००० मीटरमागे सुमारे ३ टक्क्यांनी उतरतो, ती दुरुस्ती धरा. शेवटचा न्याय मात्र बाटलीतल्या पाण्याचा. तळाजवळून पाणी आणून विंकलर पद्धतीने त्यातला ऑक्सिजन मोजा. ती पद्धत १८८८ ची आहे आणि अजूनही सगळे सेन्सर तिच्यासमोर तपासले जातात.

सूक्ष्म इलेक्ट्रोडला तळावरच दोन टोकं मिळतात. वरच्या पाण्यातलं वाचन म्हणजे बाटलीत मोजलेला ऑक्सिजन, आणि आलेख जिथे खाली सपाट होतो तिथे शून्य. पण ऑक्सिजन जिथे सुईच्या पोचेपलीकडेही शिल्लक असतो, तिथे हे शून्य खोटं ठरतं. अशा जागी शून्य जहाजावरूनच घेऊन जावं लागतं.

सोडणं आणि थांबणं

सोडण्याआधी सगळी घड्याळं एकाच जागतिक वेळेला लावा आणि नोंदवहीत लिहा. आठवडाभरात काही सेकंदांचं अंतर पडतं, म्हणून वर आल्यावरही घड्याळं तपासा. डेकवर सगळा कार्यक्रम एकदा खरोखर चालवून पाहा: झाकण पडतंय का, सिरिंज ओढली जातेय का, पातं फिरतंय का. संगणकाच्या पडद्यावर दिसलं म्हणून घडलं असं समजू नका. समुद्रात उतरताना चेंबर तिरका करून, पाणी भरू देऊन आतली हवा निघून गेल्याची खात्री करा.

टेकल्यावर लगेच मोजायला सुरुवात करू नका. उडालेला गाळ खाली बसायला किंवा वाहून जायला वेळ हवा, थंड पाण्यात सेन्सरही स्थिरावले पाहिजेत. झाकणं उघडी ठेवून काही तास थांबा. गढूळपणा मोजणारा छोटा सेन्सर असेल तर अंदाज करावा लागत नाही. पाणी निवळलं की चेंबर हळू रुतवा, मग झाकण लावा.

वर आल्यावर

पहिली धाव सिरिंजकडे. अमोनियम आणि नायट्रेटचे नमुने लगेच गाळून थंडीत टाका, कार्बनचे नमुने हवा न लागता बंद करा. मग सेन्सरमधली नोंद दोन ठिकाणी उतरवा आणि त्यानंतरच नळ सोडून चौकट धुवा. धुण्याआधी चेंबरच्या कडेवर गाळाची रेघ किती उंच आहे याचे फोटो घ्या. ती रेघ वाकडी असेल तर चेंबर तिरका बसला होता.

आकडे वाचताना

ऑक्सिजनची रेषा सरळ उतरलेली दिसली की हायसं वाटतं. तरी सुरुवातीचा तुकडा नीट पाहा. पहिल्या तासात उतार जास्त तीव्र असेल, तर उडालेल्या गाळातला सल्फाइड किंवा लोह ऑक्सिजन खात असतं, तो भाग सोडून द्या. रेषा वाटेत एकदम वर उडाली तर झाकण हललं किंवा गळती झाली.

आणि ऑक्सिजन कमी होण्याऐवजी वाढत असेल तर? २०२४ मध्ये पॅसिफिकच्या क्लॅरियन-क्लिपर्टन भागातल्या धातुगोट्यांच्या तळावर चेंबरमध्ये ऑक्सिजन वाढल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अंधारात ऑक्सिजन तयार होतो असा त्याचा दावा होता. त्यावर जोरदार आक्षेप आले, त्यांतला एक असा की वरून अडकून आलेला हवेचा बुडबुडा खाली विरघळला असावा. वाद कुणाच्या बाजूने सुटतो ते पुढे कळेल. तुम्ही मात्र प्रत्येक मोहिमेत एक चेंबर असा ठेवा, ज्याचं तोंड खालून बंद आहे आणि आत फक्त तळाचं पाणी आहे. त्यात ऑक्सिजन जितका हलतो तितकी हालचाल पाण्याची आणि उपकरणाची, गाळाची नव्हे. ती वजा केल्यावर उरतो तो आकडा वहीत लिहा, आणि त्याच्या शेजारी चेंबर कोणता, किती रुतला, पाणी निवळायला किती तास गेले, हेही लिहा.